सात नंबरचा गिअरबॉक्स

"टाका ना बाई मांगं! का मुहूर्त पाहून राहिल्या?"

दगड भरणाऱ्या शॉवेलवरचा ऑपरेटर खिडकीतून ओरडला, आणि माझ्या मागच्या डंपरवाल्यानं हॉर्न दाबला तो सोडेचना. मी लिव्हर केव्हाच रिव्हर्सला टाकलं होतं. अ‍ॅक्सिलेटर दिला की इंजिन बोंबलत होतं, धूर निघत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. लिव्हर न्यूट्रलला आणलं, परत रिव्हर्सला टाकलं. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग खालून कोणी लाथ घातल्यासारखा दणका बसला आणि सात नंबर एकदम मागं सरकला. माझं डोकं मागच्या काचेवर आपटलं.

"गेला!" मागच्या डंपरातून मारोती ढवसचा आवाज आला. "दुसराही खाल्ला बाईनं!"

"तिसरा तुम्ही खा!" मीही मुंडकं बाहेर काढून ओरडले. "पोट त तुमचंच मोठं आहे!"

शॉवेलवाला हसला. ढवस नाही हसला. मी दगड भरून घेतला आणि क्रशरकडे निघाले, तर चढावर गाडी पुन्हा ढिली पडली. इंजिन धावतंय आणि चाकं ऐकत नाहीत. तोंडानं मी कितीही बोलले तरी आतून मला माहीत होतं, की हा गिअरबॉक्स गेला तर त्याच्याबरोबर मीही गेले.

आमच्या खदानीतले मोठे डंपर ऑटोमॅटिक होते. क्लच नाही, काही नाही. लिव्हर नुसतं टाकायचं, बाकीचं सगळं तेल करतं. ट्रान्समिशनच्या डब्यात तेल, त्या तेलाला दाब, आणि त्या दाबावर गिअर पडतो. तेल कमी झालं की दाब गेला, आणि दाब गेला की डंपर नुसता ओरडतो. एवढं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि तेवढंच मला कळत होतं.

माझा नवरा विलास याच चुनखडीच्या खदानीत ब्लास्टिंगच्या गँगमध्ये होता. काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी मला घेतलं आणि ऑफिसात पाणी द्यायला ठेवलं. सकाळी माठ भरायचा, साहेब लोकांना ग्लास नेऊन द्यायचे, टेबलं पुसायची. कोणी हाक मारायचं ती 'ओ विलासच्या बाई' अशी. तारा उरकुडे हे नाव नुसतं हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. मग कंपनीनं बायकांनाही डंपरवर घ्यायचं ठरवलं, कोण तयार आहे विचारलं, आणि मी एकटीनंच हात वर केला. ती खुर्ची ढवसच्या भाच्याला मिळणार असं सगळे धरून बसले होते, हे मला नंतर समजलं. आधी समजलं असतं तरी मी हात खाली केला नसता म्हणा.

डंपरच्या केबिनमध्ये बसलं की जमीन कुठच्या कुठं खाली राहते. तिथं मी कोणाची विधवा नव्हते, पाणीवाली नव्हते. मला ती जागा फार आवडायची. पण त्या जागेची किंमत अशी, की माझ्याशी बोलायचं सगळ्यांनी सोडलं. कॅन्टीनमध्ये मी टेबलाशी बसले की टेबल रिकामं व्हायचं. ढवस सोडला तर तोंडावर वाईट बोलायची हिंमत कोणाची नव्हती, माझी जीभ सगळ्यांना ठाऊक. नुसते उठून जायचे. कॉलनीतल्या बायकाही, दिवसभर गड्यांमध्ये असते म्हणून, नळावर माझी बादली आली की गप्प व्हायच्या. संध्याकाळी क्वार्टरचं दार लावलं, की सकाळी शेडमध्ये वारलूजी "काय वो माय, जेवली का रात्री?" म्हणेपर्यंत माझ्यासाठी म्हणून एक शब्द माझ्या कानावर पडायचा नाही.

वारलूजी बावणे आमचे हेड फिटर. रिटायर व्हायला आले होते. हाडं दिसतील इतके बारीक, पण पाना हातात घेतला की नट ऐकायचाच. अख्ख्या खदानीत माझ्याशी बोलणारा तेवढा एक माणूस. ते बोलायचे म्हणून बाकीचे मला सहन तरी करायचे, कारण वारलूजींचा शब्द शेडमध्ये कोणी खाली पडू देत नसे.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सात नंबर माझ्या ताब्यात आला. डंपर तसा जुनाच, रंग उडालेला. खंडेनवमीला शेडमध्ये सगळ्या मशिनींची पूजा असते, आणि त्याच्या आधी रंगकाम. हे काम वारलूजी दुसऱ्या कोणाला करू देत नसत. बाकीच्या डंपरांना बोनेट आणि डाला, बाहेर बाहेरून हात मारायचे. पण सात नंबर त्यांनी धुतला, वर्षानुवर्षांचं ग्रीस पत्रीनं खरवडून काढलं, आणि पोत्यावर पाठ टेकून खाली शिरले ते चेसिस, पाइप, डबे, सगळं पिवळं करूनच बाहेर आले. डोक्याचे केससुद्धा पिवळे.

मी म्हटलं, "खालून कोन पाह्यते जी? कायले एवढं?"

"कोनीच नाही पाहत," ते म्हणाले. "पन पह्यली बाई बसून राहिली ना या गाडीत. नवरीले का अर्ध्याच अंगाले हळद लावते?"

मी हसले. मग मला एकदम रडू आलं आणि तोंड धुवायचं निमित्त करून मी टाकीकडे गेले. विलास गेल्यापासून माझ्यासमोर हळदीचं नाव कोणी काढलं नव्हतं. पूजेला मी मागंच उभी राहणार होते, पण नारळ वारलूजींनी माझ्याच हातात दिला. "गाडी तुही, नारळ तूच फोड." ढवस आणि दोघं-तिघं तोंड फिरवून उभे राहिले, पण बोलले नाहीत.

आणि दिवाळीच्या आत त्या गाडीचा गिअरबॉक्स जळाला. आधी खाली तेल दिसायला लागलं, मग गाडी चढावर ढिली पडायला लागली, मग एका दुपारी केबिनमध्ये करपट वास आला आणि डंपर रस्त्यातच उभा राहिला. डबा खोलला तर आतल्या प्लेटा काळ्या पडलेल्या. बाई लिव्हर चालत्या गाडीत फिरवते, बाईचा पाय अ‍ॅक्सिलेटरवरून निघत नाही, बाईला चढ समजत नाही. ज्यानं त्यानं आपापलं कारण काढलं. वारलूजी तेवढे म्हणाले, "जुना डबा होता. गेला." मोडीत काढलेल्या चार नंबरचा गिअरबॉक्स त्यांनी उतरवला, सगळा खोलून नवे सील घातले, स्टँडवर ठेवून त्यालाही दोन हात पिवळा रंग दिला आणि माझ्या गाडीत बसवला. "तुह्या गाडीत कळकट डबा नाही शोभत," म्हणाले.

तोच डबा आता पुन्हा ढिला पडत होता.

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर देशकर साहेबांनी मला शेडमध्ये बोलावलं. मेंटेनन्सचे इंजिनिअर, नागपूरचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. वारलूजी बाजूला उभे होते. ढवसही होता, युनियनचा माणूस म्हणून.

"ताराबाई, मी तुमच्या बाजूनं विचार करून पाहिला," साहेब म्हणाले. "पण एक डबा जळाला, दुसरा त्याच वाटेनं चाललाय. डबा बदलला, तेल बदललं. बदललं नाही ते एकच."

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला.

"मी लिव्हर चालत्या गाडीत नाही फिरवत, साहेब. कोनाचीही शपथ घालून विचारा."

"शपथेनं गिअर पडत असते त बरं होतं," ढवस म्हणाला.

"तुम्ही गप बसा. तुमच्या भाच्याले अजून लुंगी सावरता येत नाही अन् डंपर पाह्यजे."

"तारा," वारलूजी हळूच म्हणाले, आणि मी गप्प झाले.

साहेबांनी चष्मा पुसला. "उद्या रविवार. खदान बंद आहे. तुम्ही आणि वारलूजी गाडी घ्या, काय पाहायचं ते पाहा. सोमवारी हजेरीच्या वेळी मला सांगा. काही सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर मला तुम्हाला उतरवावं लागेल."

"उतरवून कुठी बसवान?"

"ऑफिसला. पहिल्यासारखं."

रात्री मी स्वयंपाक केला आणि तसाच झाकून ठेवला. पाण्याच्या माठाकडे पाहवत नव्हतं.

रविवारी सकाळी खदानीत कोणी नव्हतं. शॉवेलं जिथल्या तिथं मान टाकून उभी. वारलूजी जेवणाचा डबा घेऊन आले होते, बायकोनं दिलेली आंबाडीची भाजी आणि भाकरी. "खाऊन घे आंधी. उपाशी पोटी मशीन दिसत नाही." मी दोन घास खाल्ले.

मग आम्ही लागलो. तेल मोजायच्या सळीवर, डिपस्टिकवर, तेल बरोबर. लिव्हरपासून डब्यापर्यंतच्या दांड्यांची जोडणी, म्हणजे लिंकेज, त्यांनी ढिली करून पुन्हा बसवली. फिल्टर काढला, स्वच्छ होता, तरी नवा टाकला. तेल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप काढून हवा मारली, कुठं अडलेलं नव्हतं. दाबाचं घड्याळ लावलं आणि इंजिन चालू केलं, काटा जिथं पाहिजे तिथंच.

"चालव," म्हणाले.

मी दगडवाहतुकीच्या रिकाम्या हॉल रोडवरून गाडी नेली. लोण्यासारखी चालली. रिव्हर्स टाकला तर पडला. चढावर टाकली तर चढली.

"पाह्य, काय झालं इले?" वारलूजी खाली उभे राहून हसत होते. "कायचा रोग अन् कायचं काय."

"गरम होऊ द्या जी. गरम झाल्याशिवाय नाटक नाही करत ही."

काल भरून ठेवलेला दगड तसाच डाल्यात होता. तो घेऊन मी चढ-उतार करत राहिले. ऊन चढलं, तेल तापलं, आणि तिसरा गिअर पडता पडता घसरला. मी लिव्हर मागं घेतलं. पुन्हा तसंच. काट्याकडे पाहिलं तर तो थरथरत खाली येत होता. मी गाडी शेडच्या पुढं आणून उभी केली. खाली उतरून पाहते तर डिपस्टिकच्या नळीवरून तेल ओघळलेलं, पिवळ्या रंगावर लाल रेघा.

वारलूजींनी पुन्हा सगळं पाहिलं. सील कोरडे. पाइप कोरडे. त्यांचं तोंड उतरत चाललं होतं. "डब्बा आतून फुटला का काय," पुटपुटले आणि मोठी टॉर्च आणायला स्टोअरकडे गेले.

डिपस्टिकला हात लावायचं काम फिटरचं. ऑपरेटरनं लावायचा नाही, गाडी गरम असताना तर नाहीच. पण माझं डोकं फिरलं होतं. उद्या सकाळी मला माठ भरायचा होता. मी इंजिन चालूच ठेवलं, केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्याजवळ वर चढले, फडकं धरलं आणि डिपस्टिक ओढली.

फुस्स करून वाफ निघाली आणि गरम तेलाचा फवारा माझ्या बाहीवर उडाला. मी "आई गं!" करून मागं झाले, पाय घसरला, पायरीला लटकले. बाहीतून हाताला चटका बसला होता. पण मला चटक्याचं सुचत नव्हतं. तो आवाज मी ओळखत होते. कुकरची शिट्टी चोंदली, की झाकण सैल करताना असाच येतो, आणि आपण घाईनं उघडलं की वरण छताला. माझ्या लग्नातला कुकर असाच एकदा उडाला होता, सासू आठवडाभर बोलत होती.

वारलूजी धावत आले. "काय केलं वो! भाजलं का?"

"भाजू द्या. वारलूजी, या डब्ब्याले शिट्टी नसते का?"

"काय?"

"शिट्टी जी! कुकरले असते तशी. वाफ जायाले. आतमंदी दाब कोंडून राहिला हिच्या, तोच तेल नळीतून बाहेर फेकून राहिला. अन् तेल बाहेर गेलं की गिअर कशाच्या जिवावर पडन? हिची वाफ कुठून जाते?"

ते हसायला लागले. बाईची अक्कल म्हणून हसले असते तसे. आणि हसता हसताच थांबले. टॉर्च हातात तशीच राहिली. वर, डब्याच्या दिशेनं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"असते," म्हणाले. "ब्रीदर म्हंतात."

"मंग पाहू ना."

"चहा घेऊन येतो," म्हणाले आणि निघाले.

मला राग आला. मी इथं जळतेय आणि यांना चहा सुचतो! ते लांब गेल्यावर माझ्या लक्षात आलं की रविवारी कॅन्टीन बंद असतं. पण तेव्हा मी डिपस्टिक परत बसवून, इंजिन बंद करून डब्याकडे शिरले होते. चेसिसच्या दांड्यांमधून आडवी होऊन हात वर घातला. डब्याच्या माथ्यावर बोटांना एक बोंडासारखं लागलं. छोटंसं टोपण, त्याच्या बाजूनं बारीक भोकं असणार. भोकं कुठं होती? टोपणावरून, खालून, सगळीकडून गुळगुळीत जाड रंग. दोन हात दिलेला. पिवळाधमक.

मी केसातली पिन काढली आणि टोचली. एक भोक मोकळं झालं, सूं करून हवा आली, तेलाचा वास आला. दुसरं टोचलं, तिसरं टोचलं. शेवटी सगळं टोपण फिरवून काढलं आणि रंग नखानं सोलला. सोललेली साल माझ्या तळहातावर पडली, आणि मग मला कळलं की ते का गेले.

जळालेल्या पहिल्या डब्यावरही हाच रंग होता.

ते परत आले तेव्हा हातात चहा नव्हता. मी टोपण त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"दर सोमवारी मी खालून टॉर्च मारून पाहत होतो त्या शिट्टीले," ते म्हणाले. "चकचकीत दिसे. धूळ नाही, काही नाही. म्हनलं साफ आहे. हातच नाही लावला."

"होते जी एखाद वेळेस."

"दोन डब्बे, तारा."

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतंच. मी म्हटलं, "आपन लिंकेज सांगू. लिंकेज ढिली होती, तुम्ही लावली, गाडी चालली. साहेब खूश. पुढल्या महिन्यात तुमचा रिटायरचा सत्कार आहे, सारी खदान येनार आहे. कोनाले काय समजते?"

"अन् पह्यला डब्बा?"

"तो गेला. जुना होता."

"तो तुह्या नावावर आहे."

"राहू द्या ना. मले का नवीन आहे? बोलतच असतात. गाडी चालली की मी गाडीवर राहीन, मले तेवढं पुरे."

मला खरंच तेवढं पुरे होतं. डंपर राहिला आणि सकाळचं 'काय वो माय' राहिलं, तर लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. वारलूजी माझ्याकडे बघत राहिले. मग टोपण माझ्या हातातून घेतलं, रॉकेलमध्ये धुतलं, फुंकून पाहिलं आणि जागेवर बसवलं. कमी झालेलं तेल भरलं. मी गाडी पुन्हा हॉल रोडवर नेली. तेल तापलं, ऊन उतरायला लागलं, पण गिअर एकदाही घसरला नाही. मी केबिनमधूनच ओरडून हात हलवला. ते शेडच्या दारात बसले होते. त्यांनी हात वर केला नाही.

सोमवारी हजेरीला सगळे गोळा झाले. देशकर साहेबांनी विचारलं, "काय निघालं?"

मी तोंड उघडलं. "लिंकेज..."

"बाईनं बोलू नये," वारलूजी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं ते कधी बोलायचे नाहीत. "साहेब, ब्रीदर बंद होता. माह्या रंगानं बंद झाला. दसऱ्याले मी पोतला, दुसऱ्या डब्ब्याले पुन्हा मीच पोतला. दोन्ही गिअरबॉक्स माह्या हातानं गेले. बाईचा हात नाही त्याच्यात. ते सापडलं बी तिलेच, मले नाही."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "वारलूजी, ब्रीदर मीपण तपासायला हवा होता. कोणाच्याही हातून होतं," ते म्हणाले. चांगलेच म्हणाले. पण मागं कोणीतरी "हॅत्" केलं, आणि दोन फिटर एकमेकांकडे बघून हसले. वारलूजींसमोर त्या शेडमध्ये असं कोणी कधी हसलं नव्हतं. ते मान खाली घालून टूल-रूममध्ये गेले.

मला वाटलं, संपलं. आता सगळं नीट होईल. झालंही. त्या दुपारी मारोती ढवस माझ्या टेबलाशी येऊन बसला. "मी बोललो ते मनात नका ठेवू, ताराबाई," म्हणाला. "मनात ठेवायले जागा कुठी आहे, तुमचं पोटच मधात येते," मी म्हटलं, आणि सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी दुसरे बसले. शॉवेलवाला नाव घेऊन हाक मारायला लागला. कॉलनीतल्या बायकांनीही कुकरची गोष्ट ऐकली होती, त्या नळावर मला ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या.

फक्त वारलूजी बोलत नव्हते.

रागावलेले नव्हते. गाडीचं काम असलं की यायचे, करायचे, जायचे. मी "जेवले का जी?" विचारलं की "हाव" म्हणायचे. सकाळी मी शेडमध्ये शिरले की ते कुठल्यातरी मशीनखाली असायचे. मी त्या मशीनजवळ जाऊन उभी राहायची, नुसते पाय दिसायचे, आणि ते पाय काही बाहेर यायचे नाहीत. एकदा मी ओरडलेच, "मी काय केलं जी तुमचं?" खालून उत्तर आलं, "काही नाही वो. पाना दे तो." मी पाना दिला. एवढ्या लोकांत हसून-बोलून मी क्वार्टरवर यायचे आणि दार लावून रडायचे. पूर्वी नुसतं एकटं वाटायचं, आता त्या एकटेपणाला एका माणसाचं तोंड होतं.

सत्कार त्यांनी घेतला नाही. रजा शिल्लक आहे म्हणाले आणि आधीच घरी बसले. मग एक दिवस कळलं की ते क्वार्टर सोडून बल्लारपूरला मुलाकडे चालले. मी फाट्यावर गेले. बायको सामानाबरोबर टेम्पोत पुढं गेली होती, हे एकटेच बससाठी उभे होते. मला पाहून इकडंतिकडं बघायला लागले, पण फाट्यावर मशीन कुठलं, शिरणार कशाखाली?

"न सांगता चालले?" मी म्हटलं.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी कोनाले सांगितलं नाही जी. तुम्हीच सांगितलं. मी त झाकूनच ठेवत होती."

"तेच," म्हणाले. आणि मग इतक्या दिवसांचं एकदम बोलले. "तू त्या दिवशी मले शिव्या द्याच्या होत्या, माय. ढवसले सोडत नाही तू, साहेबाले सोडत नाही. अन् मले? तुही नोकरी जाऊन राहिली होती माह्यामुळे, अन् तू माही इज्जत झाकून राहिली होती. शिव्या दिल्या असत्या त फिटलं असतं. आता तू दिसली की मले माहाच हात दिसते."

रस्त्याच्या टोकाला बस दिसली.

"मंग आता देऊ?" मी म्हटलं.

"काय?"

"शिव्या."

त्यांनी बसकडे पाहिलं. "दे."

आणि मी दिल्या. पहिली घशात अडकली, कारण आजवर त्यांना 'जी' लावल्याशिवाय बोलले नव्हते. दुसरी निघाली. "आंधळ्या!" म्हटलं. "भैताडा! बुढा झाला अन् अक्कल नाही आली बे तुले! डोळे होते का कवड्या? दोन दोन डब्बे जाळले माहे! माह्या पोटावर पाय देत होता, मुडद्या! कोनी सांगितलं होतं तुले पोताले? कोनी सांगितलं होतं मले माय म्हनाले? अन् म्हनला त मंग तोंड काहून लपवलं बे? रोज सकाळी मी तुह्या पायांकडे पाहत उभी राहत होती, लाज नाही वाटली तुले?" मी ओरडत होते आणि रडत होते, नाक वाहत होतं. ते समोर उभे राहून ऐकत होते. मध्येच "हाव" म्हणत होते. "हाव. बरोबर आहे. हाव."

बस येऊन थांबली तरी मी थांबले नाही. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "ओ बाई, म्हाताऱ्या मानसासंग काहून भांडता? सोडा त्याले."

"तू तुही घंटी वाजव," वारलूजी त्याला म्हणाले. पायरीवर चढले, वळले. "भांडू दे तिले. माही पोरगी आहे ते."

बस गेली. ते पुन्हा कधी भेटले नाहीत. दोन वर्षांनी गेल्याचं कळलं, तेही कोणाच्या तरी बोलण्यातून.

त्या दिवशी बस गेल्यावर मी फाट्यावरच्या नळावर तोंड धुतलं आणि सेकंड शिफ्टला गेले. चहाच्या वेळी ढवसनं हाक मारली. मी गेले, बसले, सगळ्यांशी हसले-बोलले. काय बोलले ते मात्र काही आठवत नाही.